चिठ्ठी नेणारीला स्वतःचं घर आहे का?

प्रश्न : तासगावजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवतो. इथल्या एका वाचनालयाने किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांची स्पर्धा ठेवली आहे आणि मला पहिल्यांदाच परीक्षक नेमलं आहे. अकरा हस्तलिखितं आली, त्यातली सात नववी-दहावीतली मैत्री आणि पहिलं प्रेम याच विषयावर आहेत. तिसऱ्यापासून सगळी सारखीच वाटायला लागली. गुण नेमके कशाला द्यायचे? आणि सहपरीक्षकांचं म्हणणं असं की, असल्या विषयाला बक्षीस देणंच योग्य नाही. त्यांना काय सांगू?

उत्तर :

सर, अकरांत सात म्हणजे तुम्ही सुखात आहात. माझ्याकडे एका वर्षी नवांत आठ आली होती. नववी कादंबरी गडकिल्ल्यांवरची होती, म्हणून मी मोठ्या आशेने उघडली, तर माचीवरच्या बुरुजात चिठ्ठी ठेवलेली होतीच.

मी सांगलीत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची बारा वर्षं शाळेचं ग्रंथालयही सांभाळलं, आणि वीसेक वर्षं स्पर्धांची हस्तलिखितं वाचते आहे. तुम्हाला सगळी सारखी वाटतात त्यात तुमची चूक नाही. प्रेमाचा भाग सारखाच असतो. ती वर्गात येते, याच्या पोटात गोळा येतो, वहीच्या मागच्या पानावर नाव लिहिलं जातं आणि लगेच गिरवून खोडलं जातं. लेखक विशीतला असो की पन्नाशीतला, हे त्याला आठवतं आणि आठवलेलं माणूस बरं लिहितो. त्यामुळे पहिली वीस-पंचवीस पानं बहुतेक सगळ्यांचीच जमतात. त्या पानांवर गुण उधळू नका. मी बघते ते तिसऱ्या माणसाकडे. चिठ्ठी नेणारी मैत्रीण, क्लासच्या बाहेर सायकल धरून उभा राहणारा मित्र, 'सर आले, सर आले' म्हणून खोकणारा बाकावरचा सोबती. याला किंवा हिला स्वतःचं घर आहे का?

म्हणजे काय ते एका हस्तलिखितावरून सांगते. हरिपूरच्या दोन मुली, रोज सांगलीला शाळेत येतात, दोघींत सायकल एक. सायकल जिची, प्रेम तिचं नाही; डबलसीट बसणारीचं आहे. क्लास सुटला की डबलसीटवाली त्या मुलाशी कोपऱ्यावर बोलते आणि सायकलवाली तेवढी पाच-सात मिनिटं चेन पडल्याचं निमित्त करून खाली बसते. लेखिकेने त्या दोघांचं बोलणं लिहिलंच नव्हतं. आपल्याला दिसते ती खाली बसलेली मुलगी. ती चेन खरोखर काढते आणि खरोखर बसवते, कारण नुसती बसून राहिली तर समोरचा पंक्चरवाला 'थांब पोरी, मी बसवतो' म्हणत उठून येतो, हे तिला एकदाच्या अनुभवाने कळलं आहे. घरी आई विचारते, रोज कशी गं चेन पडते, दुकानात टाकू या का. सायकल दुकानात गेली की दोन दिवस बसने जायचं आणि बसने गेलं की तो कोपरा लागत नाही. मग ही आईला सांगते, 'घाटावरनं येतो नव्हं, वाळू जाती चेनीत.' घाटावरून त्या येतच नाहीत. पुढे तीसेक पानांनंतर दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. त्या मुलाचं नावसुद्धा त्यात निघत नाही. सायकलवाली एवढंच म्हणते, 'माझ्या हाताचा ग्रीसचा वास जात नाही.'

भाषा मधे मधे कच्ची होती, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारू नका, शेवटची दोन प्रकरणं घाईत उरकलेली. तरी माझा पहिला क्रमांक तोच होता. पंधराव्या वर्षी मैत्री प्रेमापेक्षा जुनी असते. डबा, बाक, पावसात भिजलेली वही, घरातली भांडणं, सगळं आधी मैत्रिणीला माहीत असतं. प्रेम आलं की पहिली कात्री तिच्याच वेळाला लागते, तिच्याच वाट्याच्या गुपितांना लागते. लेखकाला हे दिसलं असेल तर त्याला प्रेमही दिसलं आहे. ज्याला मैत्रीण फक्त निरोप्या म्हणून लागली, त्याची नायिकाही बहुधा कागदीच निघते. पडताळून बघा.

त्यासाठी मी पेन्सिल घेऊन बसते. मित्र किंवा मैत्रीण ज्या पानावर येते तिथे समासात टिंब. त्या पानावर तिला स्वतःसाठी काही हवं असेल, नवे बूट, कबड्डीच्या संघात जागा, आजारी आजीजवळ लवकर पोचणं, काहीही, तर टिंबाभोवती गोल. पुस्तक संपल्यावर नुसती टिंबं किती आणि गोल किती ते पाने उलटूनच दिसतं, मोजावंही लागत नाही. सात हस्तलिखितांतून दोन-तीन याच चाळणीला वेगळी होतील.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली, तेव्हापासून आपल्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांवर तिची सावली आहे. ते स्वाभाविक आहे. पण उचलतात काय, तर नववीतला निवेदक मुलगा आणि शिक्षकांना ठेवलेली टोपणनावं. तिथे जोशीइतकेच सुऱ्या, चित्रे, फावड्या जिवंत आहेत, त्यांच्या घरांतली परिस्थिती वेगवेगळी आहे, आणि आणीबाणीचा काळ वर्गाच्या खिडकीतून आत येतो, हे कुणी उचलत नाही. टोपणनावांना विनोद समजून गुण देऊ नका.

आता साल. हे परीक्षक फार कमी तपासतात, पण मला इथेच लेखक सापडतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी आली होती, सांगलीची, २०१९-२० च्या दहावीच्या तुकडीची. ऑगस्ट २०१९ मध्ये नायक-नायिका कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी भेटतात, पाण्यात पाय सोडून बसतात. सर, त्या महिन्यात घाट कुठे होता? निम्मी सांगली पाण्यात होती, लोक होड्यांनी बाहेर काढत होते, आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फूट झालं हे घराघरांत दर तासाला विचारलं जात होतं. बरं, ते सोडून देऊ. शेवट काय, तर मार्च २०२० मध्ये भूगोलाचा शेवटचा पेपर सुटतो आणि गेटवर दोघं एकमेकांचा निरोप घेतात, गुलमोहर वगैरे. तो पेपर झालाच नाही. २३ मार्चला होता, आधी पुढे ढकलला, नंतर रद्द केला.

ही चूक म्हणून मी दोन गुण कमी केले असते आणि पुढे गेले असते. पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या मुलांना शेवटचा पेपर मिळालाच नाही. 'भूगोलाचा पेपर सुटला की सांगीन' असं ज्यानं ठरवलं होतं त्याचं काय झालं? शर्टावर सह्या राहिल्या, बाकावर कोरायचं राहिलं, ज्या मैत्रिणीशी अबोला होता तिच्याशी बोलायचं राहिलं, कारण इतिहासाच्या पेपरानंतर सगळे 'सोमवारी भेटू' म्हणून घरी गेले. कुठल्याही कल्पनेने रचता येणार नाही असा शेवट त्या वर्षाने आयता दिला होता, आणि लेखकाने तिथे गुलमोहर लावला. त्याला साल फक्त मुखपृष्ठासाठी हवं होतं.

फोनचंही तसंच. २०१२ सालातल्या दहावीच्या मुलीला निळ्या टिका दिसत असतील तर खूण करा. त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि खेड्यातल्या मुलांचं प्रेमच बदललं. त्याआधीचं प्रेम मिस्ड कॉलवर आणि मेसेजच्या पॅकवर चालायचं. आणि आजही आमच्याकडच्या कित्येक मुलींच्या हातातला फोन आईचाच असतो. मेसेज पुसला तरी 'हा मेसेज डिलीट केला आहे' ही ओळ मागे राहते आणि आई विचारते, काय पुसलंस गं? ज्या हस्तलिखितात मुलगी त्या एका ओळीला घाबरते, तिथे मी थांबून परत वाचते.

यानंतरची गोष्ट जरा अवघड जागेची आहे, पण बोलायला हवी. हस्तलिखितांतल्या मुलांना आडनावं नसतात. आर्यन, सई, ओम, मृण्मयी. पुढे काही नाही. सातारा-सांगलीत कुठल्याही घरी मुलीने मैत्रिणीचं किंवा मित्राचं नाव घेतलं की दुसरा प्रश्न काय येतो, तुम्हालाही ठाऊक आहे. 'कुणाची? आडनाव काय?' गाव कुठलं, गल्ली कुठली, हे त्याच प्रश्नाचे नातेवाईक. लेखक आडनाव टाळतो तेव्हा त्याला वाटतं की त्याने गोष्ट सगळ्यांची केली. होतं उलटच. घरच्यांच्या विरोधाला मग कारणच उरत नाही, आणि वडील नुसतेच खेकसत राहतात, 'अभ्यासाचं वय आहे हे!' प्रत्येक कादंबरी जातीवर असावी असं मी म्हणत नाही. पण विरोध दाखवायचा आणि त्याचं खरं कारण झाकून ठेवायचं ही लबाडी आहे, आणि चौदा वर्षांच्या वाचकाला ती पहिल्यांदा कळते, कारण त्याच्या घरात तो प्रश्न परवाच विचारला गेलेला असतो.

त्याला जोडूनच बघायचं, किंमत कोण मोजतं. चिठ्ठी सापडली की मुलीची शाळा सुटते, मामाकडे रवानगी होते, आणि मुलगा दोन प्रकरणं उदास राहून पुण्याला शिकायला जातो. हे आपल्याकडे घडतं, त्यामुळे लिहिलं म्हणून गुण कापू नका. मामाकडे गेलेल्या मुलीबरोबर लेखक गेला का, एवढंच बघा. बहुतेक वेळा तो मुलाबरोबर पुण्याच्या गाडीत बसलेला सापडतो.

भाषेबद्दल थोडक्यात. बोली घातली म्हणजे भाषा जिवंत झाली असं नाही. 'काय करालाईस' हे सांगली-कोल्हापूरकडचं. साताऱ्याच्या मोती चौकात वाढलेल्या मुलाच्या तोंडी ते आलं की सातारकर हसतात. दर वाक्याला 'लगा' आणि 'भावा' पेरणारे लेखक आहेत, त्यांची मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, वाचकाला गाव दाखवत असतात. खरी मुलं वर्गात एक बोलतात, घरी दुसरं, इन्स्टावर तिसरंच. हस्तलिखितात अशी निदान दोन तरी बोलणी वेगळी ऐकू आली पाहिजेत. तुम्ही वर्गावर रोज उभे राहता, हे माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर ऐकू येईल.

मोठ्या माणसांत मला सगळ्यात भीती वाटते ती शेवटच्या प्रकरणातल्या सरांची. मुलं चुकतात, मग एक समजूतदार सर किंवा समुपदेशक बाई येतात आणि साडेतीन पानं बोलतात. लेखकाला वाटतं यामुळे पालक पुस्तक घेऊ देतील. मी ती साडेतीन पानं काढून उरलेलं वाचते. पुस्तक उभं राहिलं तर ठीक. कोसळलं तर आधीही उभं नव्हतं.

कायद्याचं मात्र भान हवं, आणि तिथे मी कडक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराखालच्या मुलाची किंवा मुलीची शरीरसंबंधांना दिलेली संमती धरलीच जात नाही, दोघं सोळा-सतराची असली तरी. कादंबरीत कलमं नकोत. पण वडील पोलीस ठाण्यात जातात आणि हवालदार मुलाला दोन थपडा देऊन हसत सोडून देतो असा प्रसंग आजच्या काळात घडवला असेल, तर त्या वडिलांनी काय सुरू केलं हे लेखकाला माहीत नाही. दुसरं, 'नाही' म्हटल्यावरही मुलगा दोन महिने क्लासपर्यंत मागे मागे जातो आणि लेखक त्याला जिद्द म्हणतो. २०१३ पासून हा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. मुलगा तसा वागतो हे लिहिता येईल, पण मुलीच्या पाठीत तेव्हा काय होतं तेही त्याच पानावर हवं. आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा नायक सव्वीस वर्षांचा क्लासवाला असेल तर ते पहिल्या प्रेमाच्या रांगेत ठेवूच नका, लेखकाने कितीही हळुवार लिहिलेलं असू दे.

माझीही एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कादंबरीला हट्टाने पहिला क्रमांक मिळवून दिला. काय भाषा होती! नदी, पाऊस, सांजवेळ, वाक्यावाक्याला पान दुमडावं अशी. पुस्तक छापून आल्यावर मोठ्या अभिमानाने नववीतल्या एका वाचणाऱ्या मुलीला दिलं. तिने तीन दिवसांत परत आणलं. ३८ व्या पानावर एसटीचं तिकीट खूण म्हणून तसंच. मी विचारलं तर आधी 'छान आहे बाई' म्हणाली, मग दारापर्यंत जाऊन मागे वळली आणि म्हणाली, 'बाई, ह्यातली पोरं सारखी आभाळाकडं बघत्यात.'

तेव्हापासून आयोजकांची परवानगी काढून, लेखकाचं नाव काढून, पहिल्या तीस-चाळीस पानांच्या प्रती दोन-तीन मुलांना वाचायला देते. निकाल त्यांनी लावायचा नसतो. 'आवडलं का' असं विचारू नका, मराठीच्या शिक्षकाला 'छान आहे' याखेरीज उत्तर मिळत नाही. 'कुठे उठलास?' असं विचारा. पाणी प्यायला, जेवायला, कुणी हाक मारली म्हणून, कुठल्या पानावरून उठला? त्या पानावर बहुतेक वेळा आभाळ असतं, नाहीतर सर.

गुणपत्रिकेचं फार मनावर घेऊ नका. कथानक २५, व्यक्तिचित्रण २५, भाषा २५, संदेश २५ असली काहीतरी चौकट तुम्हाला दिली असेल. रकाने भरण्याआधी प्रत्येक हस्तलिखिताबद्दल आठवणीतून एकच वाक्य लिहा, वही न उघडता. 'चेन काढून परत बसवणारी मुलगी' असं काही लिहिता आलं तर ते वर. 'किशोरवयीन भावविश्वाचं तरल चित्रण' एवढंच सुचलं तर ते खाली. 'संदेश' या रकान्यात मी सगळ्यांना सारखेच गुण देते. आयोजकांनी अजून हरकत घेतलेली नाही.

राहता राहिले तुमचे सहपरीक्षक. त्यांच्याशी विषयावर वाद घालू नका, हरणार तुम्हीच. 'कुठल्या पानाला हरकत आहे, ते पान काढा' एवढंच म्हणा. वाचनालयात बालविभाग आठवीपर्यंतच्या मुलांचा, आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं कपाट, हे तुम्हीही बघत आला असाल. मधल्या तीन-चार वर्षांतली मुलं मग काय वाचतात, हे सहपरीक्षकांनाही विचारायला हरकत नाही, पण आधी पान. त्या सायकलवाल्या हस्तलिखिताच्या वेळी आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मी पान काढा म्हटल्यावर त्यांनी भडंगाची बशी बाजूला सारून अर्धा तास खरंच शोधलं. प्रेमाचं पान त्यांना सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. त्यांनी काढलं ते वाळूचं पान. 'मुलगी आईशी खोटं बोलते आणि लेखिका तिला शिक्षा करत नाही.' मी म्हटलं, भांडणाचं पान वाचा. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, आणि शंभरात ४१ गुण दिले. माझे ७८ होते. तिसऱ्या परीक्षकांच्या गुणांवर ते हस्तलिखित पहिलं आलं, अर्ध्या गुणाने. म्हणून सांगते, बेरीज करण्याआधी बसा. दोघांच्या गुणांत वीसपेक्षा जास्त फरक असेल ती हस्तलिखितं टेबलावर वेगळी ठेवा आणि फक्त त्यांच्यावर बोला. बेरीज झाल्यावर कुणी आकडा बदलत नाही, अब्रूचा प्रश्न होतो.

आणि ज्यांना बक्षीस नाही त्यांना हस्तलिखित परत पाठवताना दोन ओळी लिहा. २०२० च्या त्या लेखकाला मी भूगोलाच्या पेपराबद्दल लिहिलं होतं. वर्षाने त्याचा फोन आला, शेवट बदललाय, म्हणाला. गेटवर आता कुणीच नाही. गुलमोहर काढलास का, विचारलं, तर म्हणाला, 'तो ठेवलाय बाई, झाड शाळेत खरंच आहे.' असू दे म्हटलं.

तासगावहून सांगलीला येणं झालं तर बुधवारी संध्याकाळी मी घरीच असते. हस्तलिखितं आणू नका, ती मी बघायची नाहीत. तुमच्या पेन्सिलीची टिंबं आणि गोल तेवढे वहीत उतरवून आणा.